आजोबांचं खरेदीखत शोधताना: माझा अनुभव

वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी सातबारे काढले, तेव्हा माळाच्या रानावर आमच्यापैकी कुणाचंच नाव नाही हे कळलं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातलं हे रान आजोबांनी १९६६ साली विकत घेतलेलं. कसतो आम्ही, आणि कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, नाव मात्र विकणाऱ्या गृहस्थांचं. खरेदीखत घरात मिळेना. जुनं घर पाडून नवं बांधताना कागदांची ट्रंक इकडून तिकडे हलली होती, त्यातच ते गहाळ झालं असावं. त्या गृहस्थांचे नातू तोवर "कागद असेल तर दाखवा" असं बोलायला लागले होते. आईची झोप उडाली.

सल्ले भरपूर मिळाले. पोलिसांत तक्रार द्या, पेपरात नोटीस द्या. एकाने तर जुन्या स्टॅम्पवर खरेदीखत तयार करून द्यायची तयारी दाखवली. असल्या माणसाला दारातही उभं करू नका. हक्क खरा असूनही तुम्ही फौजदारीत अडकाल. तक्रार आणि नोटीस पुढे जमीन विकताना किंवा कर्ज काढताना उपयोगी पडतात, पण त्यांनी सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही.

वाट दाखवली ती एका निवृत्त तलाठी भाऊसाहेबांनी. "दस्त रजिस्टर असेल तर त्याची नक्कल सरकारदप्तरी असणार. फेरफार धरून मागं मागं जा." फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची महसूल दप्तरातली नोंद. नोंदणी कायदा १९०८ चा. त्याच्या कलम ५७ प्रमाणे पहिल्या नंबरच्या पुस्तकात, म्हणजे जमीन-घराच्या दस्तांच्या नोंदवहीत, उतरवलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत फी भरून कुणालाही मागता येते, आणि मूळ दस्तातला मजकूर शाबित करायला ती चालते. हे कळल्यावर पहिल्यांदा धीर आला.

खरी अडचण नंबरांची होती. खरेदी झाली तेव्हा जमिनीला सर्व्हे नंबर आणि हिस्सा होता. नंतर विखुरलेले तुकडे एकत्र करणारी एकत्रीकरण योजना आली आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर पडले. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा काढला. त्यात जुना नंबर, नवा गट आणि चक्क आजोबांचं नाव! मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार. सर्व्हे नंबरच्या सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर वर्तुळात लिहिलेला होता. तो फेरफार मंजूर होता, त्यात रजिस्टर खरेदीखताची तारीख आणि रक्कमही होती. पुढे सातबारा नव्याने लिहिताना जुनंच नाव उतरलं, एवढीच चूक. पीकपाहणीत मात्र नाव आजोबांचंच चालत आलेलं.

तारीख हाती आल्यावर दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध सोपा झाला. इतकी जुनी वर्षं ऑनलाइन मिळाली नाहीत, पण सूची १ मध्ये पक्षकारांच्या नावांवरून दस्त सापडला. नक्कल वाचताना मला भरून आलं. "जल, तरू, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह" रान दिल्याचं लिहिलेलं, विकणाऱ्याची "निशाणी डावा अंगठा", आणि चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींत, शेजाऱ्यांची नावं. त्या चतुःसीमेचा फार उपयोग झाला, कारण पूर्वेचा ओढा आणि दक्षिणेची भावकी आजही तिथेच आहे.

हे सगळं जोडून तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज केला. हे कलम लेखनातल्या चुकीच्या दुरुस्तीचं आहे. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी कोर्टात जावं लागतं, म्हणून अर्जात "मंजूर फेरफाराचा अंमल सातबाऱ्यावर दिलेला नाही" एवढंच नेमकं लिहिलं. मधे फाईल बराच काळ टेबलावर पडून राहिली. दर वेळी लेखी स्मरणपत्र देऊन पोच घेत गेलो. सुनावणीला समोरच्यांना नोटीस गेली. थोरल्या नातवाने आपल्या आजोबांचं नाव आणि अंगठ्याची नोंद वाचली आणि हरकत नाही असा जबाब दिला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे.

दुरुस्तीचा आदेश झाला, आजोबांचं नाव लागलं. मग आजोबांचे आणि वडिलांचे मृत्यू दाखले जोडून वारस नोंद केली. आईचं, आम्हा भावांचं आणि दोन्ही बहिणींचं नाव लागलं. बहिणींचं नाव वगळा म्हणणारे भेटले, त्यांचं ऐकलं नाही. आता मोजणीचा अर्ज दिलाय, कारण ओढ्याकडचा बांध सरकलाय असा आईला संशय आहे.