किनाऱ्यावरच्या सेसना १७२ चं कोरोजन इन्स्पेक्शन: माझा अनुभव

विमान आधी धुऊ नका. समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या सेसना १७२ चं (चार सीटचं छोटं विमान) पावसाळ्यानंतरचं कोरोजन इन्स्पेक्शन, म्हणजे धातू कुठे गंजून खराब झालाय याची तपासणी, मी मळलेल्या विमानावरच सुरू करतो. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यापासून मागे काळसर ओघळ गेला असेल, तर तो रिव्हेट सैल झालाय. ती काळी भुकटी म्हणजे घासलं गेलेलं ॲल्युमिनियम. साबणाचं पाणी लागलं की ही खूण गेली. जागा फेल्ट पेनने मार्क करायची. शिसपेन्सिल अजिबात नको, कारण ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की तिथेच नवं कोरोजन धरतं.

धुतल्यावर टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून, तिरका उजेड टाकत फिरायचं. रंगाखाली किड्याने पोखरल्यासारख्या वळणदार रेषा दिसल्या की मालक घाबरतो. ते फिलिफॉर्म, म्हणजे रंगाखाली धाग्यासारखं पसरणारं कोरोजन; दिसायला वाईट, पण वेळीच धरलं तर बहुधा वरवरचं. मला धास्ती असते ती रंग शाबूत असूनही दोन रिव्हेटांच्या मधे पत्रा उशीसारखा फुगलेला दिसला तर. दोन पत्र्यांच्या सांध्यात पांढरी भुकटी साचते, तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते आणि ती पत्रा वर ढकलते.

पत्रा २०२४-टी३ आल्क्लॅड, म्हणजे मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातूवर शुद्ध ॲल्युमिनियमचा थर. हा थर दर बाजूला जाडीच्या साधारण ५ टक्के, म्हणजे ०.८ मिमी पत्र्यावर ०.०४ मिमी. तेवढंच चिलखत. जुन्या १७२ ना आतून प्रायमर मारून घेणं ऐच्छिक होतं, त्यामुळे बऱ्याच विमानांत आतला पत्रा उघडाच असतो.

म्हणून खरं काम आत आहे. सीट, कार्पेट, साइड पॅनेल, पोटाखालची सगळी झाकणं काढायची. पत्र्याला चिकटवलेलं फायबरग्लास इन्सुलेशन स्पंजासारखं पाणी धरतं. ते न उचलता ‘ठीक आहे’ लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं. पोटातली ड्रेन होल तारेने तपासा, कुंभारीण माशी तिथे हमखास मातीचं घर करते. सीट रेलच्या खालची बाजू, स्ट्रटचे (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याचे) फिटिंग, बॅटरी बॉक्स (ॲसिड सांडलं असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी) हे आरसा आणि १० पट भिंगाने बघायचं. एलिव्हेटरच्या (शेपटीचा हलणारा आडवा भाग) ट्रिम टॅबमध्ये, म्हणजे त्याच्या मागच्या कडेच्या छोट्या झडपेत, फोम भरलेला असेल, तर तो ओलावा धरून पत्रा आतून खातो.

कंट्रोलची केबल पुलीवर बसते तिथला भाग नुसता बघून कळत नाही. कंट्रोल पूर्ण फिरवून तो भाग बाहेर आणा, चिंधी फिरवा. तुटलेली तार असेल तर चिंधी अडकते. वर तांबूस गंज दिसला तर ताण सोडून केबल उलटी पिळा आणि आत डोकवा. आतही गंज असेल तर केबल बदलायची, चर्चा नाही.

सापडलेली जागा स्कॉच-ब्राइटने साफ करा. स्टील वूल किंवा लोखंडी ब्रश नको, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात. मग डेप्थ गेजने खड्ड्याची खोली मोजा: ०.००१ इंचापर्यंत हलकं, ०.०१० पर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर. पण किती धातू काढलेला चालेल हे त्या भागाचं मॅन्युअल सांगतं, ही वर्गवारी नाही. नंतर अलोडाइन (कोरोजन रोखणारं क्रोमेटचं द्रावण), हातमोजे घालूनच. जागेवर सोनेरी छटा आली पाहिजे, द्रावण वाळू द्यायचं नाही. वापरलेल्या चिंध्या पाण्यातून काढा, क्रोमेट वाळलेली चिंधी पेट घेऊ शकते. त्यावर इपॉक्सी प्रायमर.

एसीएफ-५० (कोरोजन रोखणारं तेलकट फवारणीचं द्रव्य) सगळ्यात शेवटी, रिव्हेटांचे फोटो लॉगबरोबर ठेवल्यावर. ते सांध्यांतून कित्येक दिवस झिरपतं, त्यावर धूळ बसते आणि चांगला रिव्हेटही सैल असल्यासारखा ओघळ दाखवतो. तेव्हा फवारल्याची तारीख लॉगमध्ये लिहा आणि हँगरमध्ये विमानाखाली ट्रे ठेवा.