मधल्या फळीतली पोरं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. कोल्हापूर.

काल रात्री बाराच्या सुमारास सामना संपला. मला झोप लागली तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये आमचं आर्सेनल ५, मँचेस्टर सिटी १. इतक्या वर्षांत सिटीला असं हरवलेलं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर राहिलेत ते दोनच गोल, ६२व्या मिनिटाचा आणि भरपाईच्या वेळेतला अगदी शेवटचा. पहिला माइल्स लुईस-स्केलीचा, वय १८. दुसरा ईथन न्वानेरीचा, वय १७. दोघंही आर्सेनलच्याच हेल एंड अकादमीत वाढलेले, दोघंही मूळचे मधल्या फळीतले. आणि काल दोघांपैकी एकही मधल्या फळीत खेळत नव्हता.

डिसेंबरपासून आमच्या घरात वाद चाललाय तो यावरूनच.

मामा सत्तरीला आलेत. तरुणपणी पेठेतल्या तालमीकडून हाफला खेळायचे. मिडफिल्डर हा शब्द त्यांच्या तोंडी अजूनही येत नाही. हाफ, बॅक, फॉरवर्ड, एवढंच. आमच्या गावात फुटबॉल कुणी मुद्दाम शिकवत नाही, तो पेठेबरोबर मिळतो. शाहू स्टेडियमवर हंगामात आपल्या तालमीचा सामना असला की दुकानं अर्धी मिटतात आणि कुठल्या पोराला कुठं खेळवावं यावर रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत प्रत्येकाचं मत असतं. मामांचा गुडघा सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर ते खेळले नाहीत, पण सामना बघताना अजून उजवा पाय आपोआप पुढे येतो. काल लुईस-स्केलीनं चेंडू घेतला तेव्हाही आला.

"हाफचं पोरगं बॅकला घातलं की त्याची मान एकाच बाजूला वळायला शिकती," हे त्यांचं म्हणणं. "लाइनीला उभं राहिलं की एका अंगानं कोण येत न्हाई. मधे उभं राहिलं की चारी अंगांनी येतात. वर्षभर लाइनीला ठेवा त्याला, मग मधे आणा. पाठीमागचा माणूस त्याला दिसायचा बंद झालेला असतोय."

भाचा चौदाचा आहे. त्यानं कॅरम बोर्ड ओढला आणि सोंगट्या मांडून दाखवल्या. "आजोबा, तो नुसता बॅक नाही. चेंडू आपल्याकडं आला की तो आत सरकतो. हा बघा आपला हाफ, थॉमस पार्टी, ह्याच्या शेजारी. म्हणजे तेव्हा तो हाफच की." बरोबरच आहे त्याचं. लुईस-स्केली नावाला डावा बॅक आहे. चेंडू आर्सेनलकडे असताना तो मैदानाच्या मधे येऊन उभा राहतो, पाठीवर माणूस घेऊन पास घेतो आणि अंगाचा एक हिसका देऊन वळतो. ते वळणं कुठल्या बॅकला शिकवून येत नाही, ते लहानपणापासून मधे खेळलेल्या पोराचंच असतं. कालचा गोलही तसाच. डावीकडून आत आला, बचावपटूला मागे टाकलं आणि उजव्या पायानं मारला. पोरगं डावखुरं आहे. मग सिटीच्या हालांडचीच, गोल मारल्यावर ध्यानाला बसायची नक्कल हालांडसमोर केली. सप्टेंबरात सिटीच्याच मैदानावर त्याचं लीगमधलं पदार्पण झालं होतं आणि त्या दिवशी मैदानात उतरायच्या आधीच, राखीव खेळाडूंत असताना, त्याला पिवळं कार्ड मिळालं होतं. सामना संपल्यावर हालांडनं त्याला "तू कोण?" असं शिवी घालून विचारलं होतं. गेल्या आठवड्यात वुल्व्ह्जविरुद्ध मिळालेलं लाल कार्ड अपिलात रद्द झालं, नाहीतर काल तो खेळूही शकला नसता.

न्वानेरीचं वेगळं आहे. त्याची खरी जागा कप्तान ओडेगार्डची, पुढच्या दोघा-तिघांच्या पाठीमागची. पण उजव्या कडेला खेळणारा साका डिसेंबरात मांडीमागचा स्नायू दुखावून बाहेर गेला आणि हे पोर त्याच्या जागी गेलं. तिथून आत येऊन डाव्या पायानं लांबच्या कोपऱ्यात वळवून मारायचं हे त्याला इतकं जमलंय की भाच्याला तो आता कडेलाच हवाय. मामांना नको. "एवढी नजर असलेलं पोरगं, आणि त्याला लाइन राखायला लावलीया," म्हणतात.

मी या वादात फारशी बोलत नाही. माझ्याकडे एक जुनी वही आहे, ती काल रात्री झोप येईना म्हणून काढली.

२००९ सालची. मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वसंतात आर्सेनलच्या पोरांच्या संघानं लिव्हरपूलला हरवून एफए युथ कप जिंकला होता आणि मी वहीत मधल्या फळीतल्या चार पोरांची नावं क्रमानं लिहून ठेवली होती. एक, जॅक विल्शेअर. दोन, हेन्री लॅन्सबरी. तीन, इमॅन्युएल फ्रिम्पाँग. चार, फ्रान्सिस कोकलाँ. पुढे प्रत्येकाच्या नावासमोर शेरे. विल्शेअरसमोर काही लिहिलंच नव्हतं, फक्त दोन रेघा मारल्या होत्या नावाखाली. कोकलाँसमोर लिहिलं होतं, "धावतो खूप, पण एवढंच."

लॅन्सबरी २०१२ साली नॉटिंगहम फॉरेस्टला गेला. फ्रिम्पाँगचा गुडघा दोनदा फाटला आणि शेवटी त्या गुडघ्यापायीच त्यानं सत्ताविसाव्या वर्षी खेळ थांबवला. मामांचं वय तेवढंच होतं. कोकलाँला क्लबनं इकडे-तिकडे उधार पाठवलं. २०१४ च्या डिसेंबरात संघात दुखापतींची रांग लागली म्हणून चार्ल्टनहून त्याला परत बोलावून घेतलं आणि पाच-सहा महिन्यांत तो संघाचा कणा झाला. २०१५ च्या एफए कप फायनलला माझ्या यादीतला चौथा पहिल्या मिनिटापासून मैदानावर होता आणि पहिला, ज्याच्या नावाखाली दोन रेघा होत्या, शेवटच्या काही मिनिटांसाठी बदली म्हणून आला.

विल्शेअरबद्दल लिहायला बसले की हात जड होतो.

१७ फेब्रुवारी २०११, पहाटेचे सव्वा. लंडनमध्ये अजून १६ तारीखच होती. बार्सिलोनाशी सामना. समोर झावी, इनिएस्ता, बुस्केट्स. आमच्याकडून मधे सेस्क फॅब्रेगास, अलेक्स साँग आणि हा १९ वर्षांचा मुलगा. मामा आमच्याकडे मुक्कामाला आले होते. आवाज बंद ठेवून टीव्ही लावला होता, कारण आई आत झोपली होती. व्हियाचा गोल झाला तेव्हा मामा नुसते सुस्कारले. पण त्यांची नजर चेंडूवर नव्हतीच. "ते पोरगं बघ," म्हणाले. "पास यायच्या आधीच मान फिरवून घेतंय. दोनदा. पाठीला डोळं हाईत त्याला." दोन माणसं अंगावर येत असताना तो मधून निघून जायचा, चेंडू पायाला चिकटलेला, खांदा किंचित खाली. सामना २-१ असा जिंकला, व्हॅन पर्सी आणि अर्शाविनच्या गोलांनी, पण आम्हाला लक्षात राहिला तो मुलगा. मी वहीत लिहिलं, पुढची दहा वर्षं याची.

त्या मोसमात तो ४९ सामने खेळला. मला त्यातला एकही जास्त वाटला नाही. तो संघात नसला की मी नाराज व्हायचे. त्या उन्हाळ्यात घोटा दुखावला, पुढचा सगळा मोसम गेला आणि तो परत मैदानावर आला तो २०१२ च्या ऑक्टोबरात, सव्वा वर्षानं. त्यानंतर पायाचं काही ना काही चालूच राहिलं. २०१८ साली १९७ सामन्यांवर त्याचं आर्सेनल संपलं. २०२२ च्या जुलैत, तिशीतच, त्यानं बूट काढून ठेवले. ही ओळ लिहायलाही मला दोनदा थांबावं लागलं.

क्लबसाठी लीगमध्ये उतरलेला सर्वांत लहान खेळाडू हा मान तेव्हा त्याच्याकडे होता, १६ वर्षं २५६ दिवस. तो निवृत्त झाला आणि दोनच महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०२२ ला ब्रेंटफर्डविरुद्ध, तो मान गेला. मोडणारा मुलगा होता १५ वर्षं १८१ दिवसांचा. ईथन न्वानेरी. त्या वेळी विल्शेअर आर्सेनलच्याच अठरा वर्षांखालच्या पोरांचा प्रशिक्षक होता. त्याच मोसमात त्यानं या पोरांना, न्वानेरी आणि लुईस-स्केली दोघांनाही, युथ कपच्या फायनलपर्यंत नेलं. वेस्ट हॅमनं ५-१ असं धुतलं त्यांना. मी तो निकाल वाचला आणि मला हरल्याचं काही वाटलं नाही. एवढंच वाटलं की ज्याचा पाय मोडला त्याच्याच हाताखाली ही पोरं शिकताहेत, हे बरं झालं. पाय कधी जपायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

म्हणून माझं मत मामांपेक्षा वेगळं आहे, आणि आज ते त्यांना सांगितलं.

आज संध्याकाळी ते आले. हातात भडंगाची पुडी. मी म्हटलं, "मामा, पोरं कडेला आहेत तेच मला बरं वाटतंय. मधे चारी अंगांनी माणूस येतो म्हणता ना तुम्ही? तसाच चारी अंगांनी पायही येतो. सतरा-अठराचं हाड ते. न्वानेरी काल शेवटी थोडाच वेळ खेळला. मला तेवढंच हवं होतं."

"मग फॅब्रेगासचं काय?" मामा लगेच म्हणाले. हे त्यांचं हुकमी पान आहे. फॅब्रेगास सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आला, सतराव्या वर्षी लीगमध्ये तीसेक सामने खेळला, आणि तो अठराचा असताना क्लबनं पॅट्रिक व्हिएराला युव्हेंटसला विकून मधली जागा त्याला मोकळी करून दिली. दुसऱ्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या फायनलला तो मैदानावर होता आणि एकविसाव्या वर्षी कप्तान. "त्याला मधे टाकला म्हणून तो मधला झाला. जपत बसले असते तर?"

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी दियाबीचं नाव घेतलं. अबू दियाबी, उंच, लांब पावलं टाकत मैदान कापणारा. २००६ च्या मे महिन्यात संडरलंडला त्याचा घोटा मोडला आणि पुढची नऊ वर्षं तो आमच्याकडे होता, पण खरं म्हणजे कधी सापडलाच नाही. मामांनी रॅम्सीचं नाव घेतलं. २०१० साली स्टोकला त्याचा पाय मोडला तेव्हा टीव्हीवर बघवलं नव्हतं, पण तो उभा राहिला आणि २०१४ ला जादा वेळेत गोल मारून त्यानंच नऊ वर्षांनी आर्सेनलला कप, एफए कप, मिळवून दिला. २०१७ च्या फायनललाही त्याचाच गोल. एकेक नाव असं दोन्ही बाजूंनी पडत गेलं. डेनिल्सनचं नाव निघालं तेव्हा दोघंही गप्प झालो. २००८-०९ ला तो लीगमध्ये ३७ सामने खेळला, पाय शाबूत, जागा मधलीच, आणि तरी तेविसाव्या वर्षी त्याला ब्राझीलला परत पाठवलं. त्याचं काय चुकलं हे मी आजही सांगू शकत नाही. आडवे पास फार द्यायचा म्हणून आम्ही सगळे त्याच्यावर चिडायचो. विशी-एकविशीचा होता तो. ज्या संघात तो खेळत होता त्यात त्याच्या शेजारी उभं राहून "पुढं दे" म्हणणारं मोठं माणूस फारसं नव्हतंच. काल लुईस-स्केलीच्या एका बाजूला राइस होता आणि एका बाजूला गाब्रिएल. प्रत्येक टॅकलनंतर कुणीतरी येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवत होतं. मला वाटतं, फरक तिथं आहे. मामांनी हे मान्य केलं. "तालमीत पण तसंच असतंय," म्हणाले. "शेजारचा बॅक ओरडणारा पायजे."

भाचा विचारत होता, "आत्या, दोघांत मोठा कोण होणार? एक नाव सांग." वहीचं नवं पान समोर होतं, पेनही हातात होतं. मी तारीख लिहिली, दोघांची नावं एका ओळीत लिहिली, ४९ आणि ५३ हे त्यांचे शर्टावरचे आकडे लिहिले. क्रम नाही घातला. शेरा एकच: न्वानेरी, जानेवारीत ब्रायटनविरुद्ध गोल मारून मध्यंतराला स्नायूच्या दुखण्यानं बाहेर, महिना संपायच्या आत परत, जिरोनाविरुद्ध गोल. महिना संपायच्या आत, याखाली रेघ मारली. इतक्या लवकर परत यायला हवा होता का, हे मला कळत नाहीये.

बुधवारी रात्री न्यूकासलला लीग कपच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना आहे. पहिला आपण घरच्या मैदानावर ०-२ हरलोय. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असेल. भाच्याला गुरुवारी शाळा आहे, त्यामुळे त्याला उठवायचं नाही असं वहिनीनं बजावलंय. मामा म्हणाले, मी येतो, दहालाच झोपतो, सव्वाला हाक मार.

जिना उतरताना त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून मी खालपर्यंत सोडायला गेले. शेवटच्या पायरीवर थांबले, कठड्याला हात, आणि म्हणाले, "त्या धाकट्याचा पाय बरा हाय न्हवं आता? पूर्ण?"

"खेळतोय, मामा."

"खेळतोय ते दिसलं. बरा हाय का विचारतोय."