बहिणीचे चार महिने शिक्षेच्या हिशेबात कुठे आहेत?

माझी थोरली बहीण फोंड्याला राहते. गेल्या वर्षी मुलाच्या दुकानासाठी कर्ज काढायला ती बँकेत गेली, तेव्हा तिच्या पॅन आणि आधारच्या आधारे कोणीतरी मोबाइल ॲपवरून आधीच तीन कर्जे उचलल्याचे व एकही हप्ता न भरल्याचे तिला कळले. पुढचे चार महिने पोलीस ठाणे, रायबंदरचे सायबर गुन्हे ठाणे आणि पणजीतील वकील अशा फेऱ्यांत गेले. वसुलीवाल्यांनी शेजाऱ्यांनाही फोन केले, त्यामुळे तुळशीच्या लग्नाला वाड्यावर जाणेसुद्धा तिने टाळले. शेवटी ती कर्जे तिच्या नावावरून हटली आणि एका अधिकाऱ्याने तिला सांगितले, "बाई, तुमचा एक रुपयाही गेला नाही." ते वाक्य मला आजही बोचते, कारण शिक्षा ठरवतानाही हाच हिशेब मांडला जाण्याची भीती मला वाटते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा ओळखीची अन्य विशिष्ट खूण लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. साध्या चोरीलाही कैदेची कमाल मर्यादा तीन वर्षेच आहे; शिवाय कलम ६६-सी खालचा गुन्हा जामीनपात्र आहे. केवळ कैद वाढवून माझ्या बहिणीचे काही भरून निघेल असे मी मानत नाही, पण चोरलेले पाकीट परत मिळाले की प्रकरण मिटते, तसे चोरलेल्या नावाचे होत नाही, एवढे तरी न्यायालयापुढे आले पाहिजे.

अमेरिकेत २००८ साली झालेल्या कायद्याने ओळखचोरीच्या बळीला, झालेली हानी निस्तरण्यात त्याने वाजवीपणे घालवलेल्या वेळेचे मोल आरोपीकडून मिळवून देण्याची सोय केली. पुढच्या वर्षी तिथल्या शिक्षा-मार्गदर्शक तत्त्वांत, ज्याची ओळख बेकायदा वापरली गेली त्याला, पैसे परत मिळालेले असले तरी, बळींच्या संख्येत धरले जाऊ लागले. बहिणीला त्या अधिकाऱ्याने दिलेल्या उत्तराला यापेक्षा चोख प्रत्युत्तर मला सुचत नाही.

आपल्याकडे दारे बंद आहेत असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ नुसार दोषसिद्धीनंतर न्यायालय 'हानी किंवा इजा' यांसाठी भरपाई देऊ शकते, आणि भारतीय न्याय संहितेने इजेच्या व्याख्येत शरीर व मालमत्तेबरोबर मन आणि लौकिक हेही धरले आहेत. प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणे न्यायालयांचे कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. २०१८ च्या एका निकालात तर गुन्ह्याचा बळीवर झालेला परिणाम सांगणाऱ्या निवेदनाला योग्य स्थान मिळावे, असेही म्हटले. मात्र ते निवेदन करायचे तर तपशील हवा, आणि तो ठेवण्याची आठवण पीडितांना कोणी करून देत नाही.

खटला अजून उभा राहायचा आहे. सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी पीडिताला आपला वकील देता येतो, म्हणून आम्ही परवानगी मागणार आहोत. बहिणीने शंभर पानी वहीत प्रत्येक फेरीची तारीख, बसचे भाडे, बुडालेली मजुरी आणि त्या त्या दिवशी आलेले वसुलीचे फोन लिहून ठेवले आहेत. ती वही गेल्या सोमवारी आम्ही वकिलांकडे दिली.