नऊ ब्रश

घरात किती जण राहतात हे मी कधी विचारत नाही, न्हाणीघरातले दातांचे ब्रश मोजते. कारण "आम्ही सगळे चुलतभाऊ" असं घर चालवणाऱ्याने भाडेकरू पोरांना पढवून ठेवलेलं असतं. इथे मेलबर्नमध्ये चार किंवा जास्त भाडेकरूंना खोल्या दिल्या की ते रूमिंग हाउस ठरतं, कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, नोंदणी आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो. तेच चुकवायचं असतं.

मी कौन्सिलची आरोग्य निरीक्षक. त्या घरात नऊ ब्रश होते. दिवाणखान्यात जिप्सम बोर्ड ठोकून दोन खोल्या काढलेल्या. लेझर मीटरने एक मोजली, ६.८ चौरस मीटर. एका माणसाला किमान ७.५ लागतात, हिच्यात दोघं झोपत होते. दाराला आतून कडी नाही, बाहेरून मात्र कडीकोयंडा. तो पाहून माझ्या पोटात गोळा आला. २००६ साली ब्रन्सविकमध्ये अशाच भाड्याच्या खोल्यांच्या आगीत दोघांचा जीव गेला होता. एवढं होऊनही खोलीचं माप माझ्याकडे, कडीचा नियम राज्याच्या खात्याकडे, आगीचा बंदोबस्त इमारत विभागाकडे! एका दारासाठी तीन फायली.

स्मोक अलार्मवर अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवलेली होती. ती काढायला स्टुलावर चढले, तर खालून मराठीत आवाज आला, "फोडणी टाकली की वाजतो तो."

लातूरचा मुलगा. स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखाच नव्हता, चारपैकी एकच शेगडी चालू, आणि नऊ जण पाळीपाळीने रांधणार. अलार्म झाकला म्हणून त्याला काय बोलायचं? भाडं मात्र दर आठवड्याला रोख, डिपॉझिटची पावती नाही.

मी नोटीस लिहायला घेतली तसा तो म्हणाला, "ताई, खोली बंद केलीत तर मी जाऊ कुठे?"

भाडेकरूंना मदत करणाऱ्या संस्थेचा नंबर दिला, आणि खोली बंद करायला लावली. तशी ठेवणं शक्यच नव्हतं.

दोन आठवड्यांनी फेरतपासणीला गेले. बोर्ड निघाले होते, भिंतीत स्क्रूची भोकं तेवढी उरली होती. ब्रश तीन. घर नियमात बसलं होतं. सहा जण कुठे गेले, कुणाला सांगता येईना. त्या मुलाचा फोन लागत नाही. बहुतेक अशाच दुसऱ्या घरात, अजून लहान खोलीत असेल.

तपासणीच्याच दिवशी पर्यायी जागा बघून देणारं माणूस सोबत हवं, असं मी साहेबांना लेखी दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही. उद्या पुन्हा विचारणार आहे.