दुर्गाबाई खोटे : पडद्याकडून रंगमंचाकडे

'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई म्हणून दुर्गाबाई खोटे आज अनेकांना आठवतात. परंतु १९६० साली तो चित्रपट आला तेव्हा त्यांच्या कारकिर्दीला जवळजवळ तीस वर्षे झाली होती, आणि त्यांची मोठी धाडसे त्याआधीच करून झाली होती.

१९०५ साली मुंबईत एका सॉलिसिटरच्या सुखवस्तू घरात त्यांचा जन्म झाला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या शिकल्या. पुढे सासरी पैशाची ओढाताण सुरू झाल्यावर, दोन लहान मुले पदरी असताना, त्यांनी १९३१ मध्ये 'फरेबी जाल'मध्ये एक छोटी भूमिका केली, आणि प्रतिष्ठित घरातली स्त्री पडद्यावर दिसल्यामुळे त्यांना बोल ऐकावे लागले. तरीही प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांताराम यांनी १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'साठी तारामती म्हणून त्यांचीच निवड केली. यशानंतरही एकाच कंपनीच्या पगारावर न राहता त्या कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या चित्रपटांत कामे करून आल्या, आणि १९३६ मध्ये प्रभातच्याच 'अमरज्योती'त समुद्रावर लूट करणारी बंडखोर सौदामिनी त्यांनी उभी केली.

मला मात्र त्यांच्या नाट्यप्रवासाविषयी अधिक आदर वाटतो. बोलपट आले, तशा मराठी नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडू लागल्या आणि नाटकातली नटमंडळी सिनेमाकडे वळली. दुर्गाबाई नेमक्या उलट वाटेने आल्या. बोलपटाने नाव मिळवून दिल्यावर त्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर त्यांनी आनंदीबाई साकारली. तिथे चुकलेले वाक्य पुन्हा घेण्याची सोय नव्हती, आणि शब्दफेकीने प्रेक्षागृह भारून टाकणाऱ्या फाटकांसारख्या नटापुढे निव्वळ पडद्यावरच्या कीर्तीच्या बळावर टिकणे शक्य नव्हते. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून लिहिलेल्या 'राजमुकुट'मध्येही लेडी मॅकबेथच्या तोडीची भूमिका त्यांनी पेलली. सत्तेच्या हव्यासाने पतीला पुढे ढकलणाऱ्या या दोन स्त्रिया पाहिल्या की, पडद्याने पुढे त्यांना बहुतेक वेळा केवळ सोशीक आईच्या भूमिका का दिल्या, याची हळहळ वाटते. १९७४ च्या 'बिदाई'तली आईही त्यांनी जीव ओतून केली, हे खरेच.

१९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना रंगमंचावरच्या या वर्षांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.