दुसऱ्याची गाडी चालवताना विमा कुणाचा लागतो?

आपल्या गाडीचा ‘फुल इन्शुरन्स’ आहे म्हणून मित्राची गाडी बिनधास्त घेऊन निघणाऱ्यांनी आधी हे डोक्यात पक्कं बसवावं: आपल्याकडे मोटार विमा गाडीला चिकटलेला असतो, चालवणाऱ्याला नाही. तुमची पॉलिसी तुमच्या गाडीपाशी पार्किंगमध्येच राहते. हातात ज्या गाडीचं स्टिअरिंग आहे, तिची पॉलिसी चालू असेल तरच विमा आहे.

याची चांगली बाजूही आहे. मालकाच्या पॉलिसीत तुमचं नाव असावं लागत नाही. ‘मुलाचं नाव पॉलिसीत टाकायचं राहून गेलं’ ही चिंता विनाकारण आहे. शेड्यूलच्या, म्हणजे पॉलिसीतल्या तपशिलाच्या पानाच्या, शेवटी ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ म्हणून चार ओळी असतात. विमाधारकासह कुणीही गाडी चालवू शकतो, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन्स हवं आणि ते बाळगायला तो अपात्र ठरवलेला नसावा, असं त्यात लिहिलेलं असतं. लर्निंग लायसन्सवालाही चालतो, पण १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळून: शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीला पुढे-मागे ‘एल’. शेजारची सीट रिकामी असेल तर क्लॉजचा उपयोग नाही.

किल्ली घेण्याआधी बहुतेक जण एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकतात, विम्याची तारीख पुढची दिसली की निघतात. इथे एक गोम आहे. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या कारसोबत थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, पण ओन डॅमेज, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी मालक तो भरायला विसरला तरी ‘विमा वैध’ म्हणायला थर्ड पार्टीची तारीख असतेच. म्हणून ॲपवर न थांबता पॉलिसीची पीडीएफ मागवा आणि दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या बघा. विमा अजिबातच नसेल तर दंड पहिल्या वेळी २,००० रुपये, पुढच्या वेळी ४,०००. दंड झाला तरी अपघाताची भरपाई डोक्यावर राहतेच.

थर्ड पार्टी भागात समोरच्याचा मृत्यू किंवा इजा झाली तर विमा कंपनीच्या दायित्वाला रकमेची मर्यादा नसते, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची असते. प्रीमियममध्ये थोडी सूट मिळते म्हणून काही जण ही साडेसात लाखांची मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. अशा मित्राची गाडी घेऊन तुम्ही एखाद्याच्या नव्या कारला मागून ठोकलंत, तर सहा हजारांच्या पुढचं कोण देणार, हे तुम्हा दोघांनाच ठरवावं लागेल. शेड्यूलमध्ये ‘टीपीपीडी’ (थर्ड पार्टीच्या मालमत्तेचं नुकसान) यापुढचा आकडा बघायला दहा सेकंद लागतात.

आता लायसन्स. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत असायची, ती २०१९च्या दुरुस्तीत गेली. चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स नव्हतं असं निघालं तर गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम बहुधा गेलाच. समोरच्या जखमीचे पैसे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. वसुलीची नोटीस मालकाच्या घरी येते, मित्राच्या नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये स्पष्ट केलंय, की मालकाकडून जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली गेली हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. तेव्हा किल्ली देताना लायसन्सचा फोटो मागून घेणं हा अविश्वास नाही, तो मालकाचा पुरावा आहे. आणि अल्पवयीन मुलाला किल्ली दिली तर प्रश्न विम्यापुरता राहत नाही. पालकाला किंवा मालकाला २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.

ओन डॅमेजचे अनेक क्लेम बिघडतात ते एका ‘हुशारी’मुळे. गाडी चालवत होता मित्र, पण क्लेम फॉर्मवर नाव लिहिलं जातं मालकाचं, ‘कटकट नको’ म्हणून. वर सांगितल्याप्रमाणे लायसन्सवाल्या मित्राने चालवणं पूर्णपणे चालतं, तेव्हा या खोटेपणाची गरजच नव्हती. फॉर्मवर चालक कोण, मालकाशी नातं काय, लायसन्स नंबर काय, नशेत होता का, असं सरळ विचारलेलं असतं. नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर हे पडताळतो: दवाखान्याच्या केस पेपरवरचं नाव, पोलिसांचा पंचनामा, टोलनाक्याचा कॅमेरा, सीट किती मागे सरकवलेली आहे. सहा फुटी माणसासाठी मागे केलेली सीट आणि फॉर्मवर पाच फुटांचा मालक, एवढ्यावरही शंका येते. चालक बदललेला सापडला की चुकीची माहिती दिली म्हणून सगळा क्लेम नाकारला जातो. दारूचं मात्र वेगळं, तिथे खरं सांगूनही उपयोग नाही. मालकाच्या संमतीने चालवणारा प्यायलेला असेल तर गाडीच्या नुकसानीला कव्हर नाहीच.

परक्या गाडीत हमखास होणारी आणखी एक चूक. अनोळखी रस्त्यावर दगड लागून चेंबर फुटलं, ऑइल गळतंय, लाल दिवा लागलाय, आणि चालवणारा म्हणतो, ‘गॅरेजपर्यंत नेऊ.’ चार किलोमीटरवर इंजिन सीझ. पॉलिसीतली अट अशी, की अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली तर पुढचं नुकसान कव्हरबाहेर. म्हणजे कंपनी चेंबरचे पैसे देईल, इंजिनचे नाही. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारण्याचंही तेच. दिवा लागला की गाडी बाजूला, इग्निशन बंद, टोइंग, आणि त्याच जागेवरून मालकाला फोन, कारण कंपनीला कळवायचं मालकाने.

सगळ्यात मोठं भगदाड मात्र चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाबाबत आहे. सक्तीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर ‘ओनर-ड्रायव्हर’साठी असतं: नोंदणीकृत मालक, त्याच्याच नावावर पॉलिसी, त्याच्याकडेच लायसन्स. उसनी गाडी चालवणारा यात बसत नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीवरचं कव्हरही मित्राच्या गाडीत लागत नाही. उसनी गाडी चालवणारा थर्ड पार्टीही नसतो. २००९मध्ये दुचाकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो, त्यामुळे मालकाच्या विमा कंपनीकडे तो भरपाई मागू शकत नाही. समोरून धडकलेल्याची चूक असेल तर त्याच्या गाडीच्या विम्यावर दावा होतो, पण एकट्याने दुभाजकाला धडकला तर हात रिकामे. मालकाने ‘अननेम्ड पॅसेंजर’ कव्हर घेतलेलं असेल तर त्यातली रक्कमही छोटीच असते. ज्यांचं काम दर आठवड्याला दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्याचं आहे, त्यांनी गाडीशी न बांधलेली वैयक्तिक अपघात पॉलिसी वेगळी काढावी. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर मालकाने पॉलिसीत ‘पेड ड्रायव्हर’ दायित्व जोडून घ्यावं, ते अगदी स्वस्तात मिळतं.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली असेल तर हे सगळं विसरा. भाडं घेऊन केलेला वापर खासगी पॉलिसीत बसत नाही.

कुणी नुकतीच घेतलेली जुनी, पण आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असलेली गाडीही टाळलेली बरी. विक्रीनंतर थर्ड पार्टी भाग आपोआप नव्या मालकाकडे जातो, ओन डॅमेज जात नाही. ते नावावर करून घ्यायला चौदा दिवसांत कंपनीला कळवावं लागतं.

शेवटी किरकोळ ओरखड्याचा हिशोब. तुमच्या हातून मित्राचा बंपर फुटला, बिल ८,०००. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा आणि वर १,००० सक्तीची वजावट (इंजिन १,५०० सीसीच्या वर असेल तर २,०००). हातात येतील साधारण तीन हजार. मित्राचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, ५० टक्के आणि सूट धरण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम १२,००० असेल, तर क्लेम केल्यावर सूट शून्यावर येते आणि २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. प्रीमियम तोच धरला तर पाच वर्षांत ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६००, म्हणजे १५,००० रुपये जातात. ते सगळे मित्राचे. तेव्हा आठ हजार खिशातून द्या आणि क्लेमचं नाव काढू नका.