बेलीनं रिमोट उचलून दिला

इंदूरला घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते मी. रामबागेतल्या एका पेशंटकडे बेली आहे, लॅब्रेडॉर, आणि तिच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण बघायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की बिचाऱ्याचं मन रमावं म्हणून कुत्री पाळलीय. मन रमतं ते खरंच, पण बेली तिथे कामाला असते.

पेशंटला मी दादाच म्हणते. अमेरिकेत नोकरीला असताना गाडीच्या अपघातात मानेत, सी-सिक्सला म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्यापाशी, मज्जारज्जूला इजा झाली. खांदे चालतात, कोपर वाकतो, मनगट वर उचलता येतं, पण बोटांत जोर नाही, धडाला तोल नाही आणि पाय तर हलतच नाहीत. बेली तिकडच्याच एका संस्थेनं शिकवून दिलेली. तिकडे हे काम जुनं आहे, कॅलिफोर्नियातली कॅनाइन कम्पॅनियन्स ही संस्था १९७५ पासून चालू आहे आणि अशी शिकवलेली कुत्री मोफत देते, शिवाय १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्यामुळे असा कुत्रा दुकानात, हॉटेलात सोबत नेता येतो. इथे आल्यावर एका मॉलच्या दारातच गार्डनं अडवलं, भैया कुत्ता अलाऊ नहीं है, झालं, सगळे तिथूनच परत. मला त्याचा अजून राग येतो.

पडलेला फोन उचलून मांडीवर ठेवणं, दोरी ओढून दार उघडणं, नाकानं दिव्याचं बटण दाबणं, आर्मरेस्टवरून हात घसरला की खालून डोकं लावून परत वर करून देणं ही तिची कामं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की ती दादानं सांगितल्यावर करते. घरातल्या काकू बिचाऱ्या त्याच्या तोंडातून शब्द निघायच्या आत पाणी पुढे धरतात, मायेनंच करतात, पण मग त्याला करायला काही उरतच नाही. बेलीला हुकूम त्याला द्यावा लागतो, तोही खणखणीत आवाजात, आणि बरगड्यांमधले स्नायू गेलेल्या माणसाला तेवढा श्वास भरून घेणं हाच एक व्यायाम आहे. तिला ब्रशही तोच करतो. मनगट वर उचललं की त्याची बोटं आपोआप थोडी मिटतात, त्या पकडीत ब्रश बसवून, वरून पट्टा लावून पाठीवरून ओढायचा. माझ्याकडे प्लास्टिकचे शंकू आहेत पकडीच्या व्यायामाला, ते पाच मिनिटांत त्याला नकोसे होतात आणि ब्रशिंग मात्र तो स्वतःहून थांबवत नाही.

तर मे महिन्यातली दुपार. काकू बँकेत गेल्या होत्या, आजी आतल्या खोलीत झोपलेल्या आणि त्यांना ऐकू कमी येतं. मी स्कूटरवर निघणार तेवढ्यात दादाचा फोन, "ताई, डोकं फुटतंय." मी आधी विचारलं, आडवे आहात का? तर म्हणाला, "होतो, आता बेड वर केलाय." गेले तशीच. बाहेरून हाक मारली तर आतून "बेली, टग", म्हणजे ओढ, असं ऐकू आलं आणि जाळीचं दार उघडलं. दादाचा चेहरा लालबुंद, कपाळावरून घाम निथळतोय, बीपी १७०/१००. त्याचं रोजचं १००/६० असतं, म्हणजे हे केवढं झालं बघा.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असली की हे होऊ शकतं, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. खाली कुठेतरी त्रास असतो, बहुतेक वेळा तुंबलेली लघवी, ते मेंदूला नीट कळत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढत जातं, आणि त्यांना सैल करा हा मेंदूचा निरोप इजेच्या खाली पोचत नाही. वेळीच कळलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पोटाचा पट्टा सोडला, चादर काढली, तर कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी मांडीखाली दुमडलेली. सरळ केल्याबरोबर पिशवीत लघवी यायला लागली, मी बीपी घेत राहिले, दहाएक मिनिटांत १२० वर आलं आणि दादा म्हणाला, "हं, आता दिसतंय नीट."

मग त्यानं सांगितलं. डोकं ठणकायला लागलं तेव्हा तो सपाट झोपलेला आणि बेडचा रिमोट खाली पडलेला. बेलीला उचलायला सांगितला, तिनं छातीवर आणून ठेवला, तो घसरून परत खाली, परत सांगितला, मग यानं बोटाच्या पेरानं बटण दाबून डोक्याकडची बाजू वर घेतली आणि त्यानंतर फोन मागवला. अगदी बरोबर क्रम, आधी बसायचं, बसल्यानं बीपी थोडं उतरतं. आपल्याकडे कुणाचंही डोकं दुखलं की पहिलं वाक्य "पडून राहा जरा", आणि यात नेमकं तेच करायचं नसतं. बेलीला बीपी कळत नाही. काय करायचं ते दादाला माहीत होतं, फक्त रिमोट हाताशी नव्हता, तो तिनं दिला.

काकू आल्या, ऐकून रडल्या, मग बेलीला जवळ घेऊन बसल्या. मी त्याच दिवशी पलंगाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावला, मराठीत आणि अटेंडंटसाठी हिंदीत: डोकं दुखलं, तोंड लाल झालं तर बसवा, झोपवू नका, कपडे-पट्टे सैल करा, नळी बघा, नंतर पोट साफ झालंय का ते बघा, बीपी उतरत नसेल तर लगेच हॉस्पिटल. रिमोटला दादानं जाड दोरीची गाठ बांधून घेतलीय म्हणजे बेलीला दातात धरायला सोपं आणि छातीवरून घसरतही नाही.